ढवळायचं नाही

सान बेनेदेत्तोच्या धक्क्यावर
लिलाव आटपल्यावर जे उरतं
ते आमच्याकडे येतं.
काटेरी विंचूमासा, ज्याला पाहून पर्यटकांची पोरं रडतात,
शेपूट तुटलेली मुशी,
स्वतःच्याच शाईनं बरबटलेली माखुली,
आणि आज एक लेपा,
दोन्ही डोळे एकाच बाजूला,
सगळ्यांकडे संशयानं बघणारा.

माझा बाप, नात्सारेनो,
एकोणतीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी.
टोमॅटो पिकेपर्यंत थांबायला तिथे सवड कुणाला?
हिरवेच न्यायचे, टणक,
आणि पिंपात आंबून गेलेली वाईन.
"गोड असं काही नव्हतंच बोटीवर,
म्हणून तर चव आली."

दोन हिवाळे झाले, त्याचे हात थरथरतात.
शर्टाची बटणं मी लावते.
कॉफी अर्धाच कप ओतते.
चमचा बशीवर तारायंत्रासारखा वाजत राहतो
आणि माझा भाऊ एल्वेत्सियो
खिडकीबाहेर बघतो.

कांदा मी परतते, हुकूम खुर्चीतून.
"आच कमी. अजून कमी.
तुझी आईही अशीच घाई करायची."
मग ढोबळी मिरची, हिरव्या फोडी,
माखुली तळाशी, तिला वेळ लागतो,
नाजूक ते सगळं वर.
व्हिनेगरची वाफ डोळ्यांत जाते.
ते बरंच असतं.

सवयीनं मी डाव उचलला.

"ढवळायचं नाही!"
तो उठलाच. काठी न घेता.
"ढवळलंस की मासा मोडतो,
मग बस काट्यांची पेज खात.
भांडं हलवायचं. समुद्र हलवतो तसं."

फडकं घेतलं,
पातेल्याचे दोन्ही कान धरले.
हात थरथरत होते, ते थरथरतच राहिले.
रस्सा बारीक लाटांनी काठाशी येऊन परतू लागला,
फोडी सरकल्या,
विंचूमासा निजल्या निजल्या
कूस बदलावी तसा वळला.
एक काटा सुटला नाही.

एल्वेत्सियो म्हणाला, "बाबा, पुरे आता."
"तुला काय कळतंय? तू बँकेत आहेस."

आम्ही जेवलो. शर्टावर सांडलं, रोजच्यासारखं.
भाजलेल्या पावाचा तुकडा
त्याच्या बोटांतून दोनदा ताटलीत पडला.
तिसऱ्यांदा त्यानं तो उचललाच नाही,
तिथेच भिजू दिला.
"असाच लागतो," म्हणाला,
आणि लेप्याचं डोकं
माझ्या बाजूला सरकवलं.