सहाशे वीस फूट

समुद्रात हेलिकॉप्टर कोसळलं,
आत पाणी भरलं, ते उलटं झालं,
तर श्वास धरून, पट्टा सोडून, खिडकी ढकलून
वर कसं यायचं
याचं माझ्याकडं सर्टिफिकेट आहे.
मुदत सप्टेंबरपर्यंत.
उदगीरला आमच्या गल्लीत नळ बारा दिवसांनी येतो.

नवं करायला साठ हजार लागतात.
आधी कंपनी भरायची. कंपनी आता लिहिते,
'आपला बायोडाटा आम्ही जपून ठेवला आहे.'
खाली एक नाव असतं, दर वेळी वेगळं.
मार्चमध्ये ज्यानं लिहिलं होतं, त्याचा परवा फोन आला:
"हालगेसाहेब, तुमच्याकडं कुठं काही आहे का?"

सकाळी मी बॅरलचा भाव बघतो,
शेजारचे बिरादार सर तुरीचा.
मध्ये कंपाउंडची भिंत, दोघांच्या माना खाली.

चहाच्या गाड्यावर विचारतात,
"क्रूड एवढं पडलंय म्हनं, मग पेट्रोल कामून पडंना?"
जसं काही मीच वर धरून ठेवलंय.
मी सांगतो कर, सेस, डॉलर.
"अन् तू सध्या काय करलालास?"
मी म्हणतो, सुट्टीवर आहे.
आठ महिने झाले सुट्टीला.

अंधेरीचा एजंट म्हणाला,
"घाई करू नका. तेल बघा, तेलाची धार बघा."
तो म्हण म्हणून म्हणाला.
मी अकरा वर्षं पगार घेऊन तेच केलं:
जमिनीखालून आलेला दगडाचा चुरा
अंधाऱ्या पेटीत, जांभळ्या दिव्याखाली धरायचा.
तेल असलं की चुरा पिवळसर उजळायचा.
नसलं तर
नुसता दगड. तसं लिहायचं, वेळ टाकायची, सही करायची.

सासऱ्यांनी झंवरशेठच्या मिलमध्ये शब्द टाकला.
"जावई तेलातच होते की."
शेठनं तिन्ही पानं वाचली, चष्मा काढला.
"सरकी कळते? ढेप?"
शिकेन म्हणालो.
"शिकाल हो. पण तिकडं बाजार उठला
की तुम्ही भुर्र."
मला राग यायला हवा होता.
मी मनात म्हणालो, तुमच्या तोंडात साखर पडो.

महानंदानं नारिंगी कव्हरऑल धुऊन
गच्चीवर वाळत घातलं.
घातलेलं नव्हतंच कुणी.
"वास मारत होता," म्हणाली,
आणि खिसे उलटे करून
नीट सपाट केले.

काल रात्री बिरादार सरांच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली,
तिरुचेंगोडची.
झोप नव्हतीच. चपला घालून गेलो.
धुरळ्यात हात धरला,
तळहातावर चुरा घेतला, थुंकीनं भिजवला,
मोबाइलच्या उजेडात बघितला.
काळा. मग मांजऱ्या. मग लाल मातीचा पट्टा.
परत काळा, अगदी घट्ट.
सवयीनं फूट मोजत गेलो.
पाचशे ऐंशी.
सहाशे.
सगळं कोरडं.
फुटाला एकशे दहा रुपये.

बिरादार सर माझ्याकडं बघत होते.
मशीनवरचा पळनिवेलही.
"साब, और जाना क्या?"

किती दिवसांनी
कुणी मला कामाचं काही विचारलं होतं.
मला वाटलं, म्हणावं आणखी पन्नास,
म्हणजे आणखी पन्नास फूट
मी इथं उभा राहीन.

"थांबवा," म्हणालो.
सहाशे वीसला मशीन बंद झालं.
कानात एकदम गाव ऐकू आलं, कुत्री, कुठलासा पंखा.

पोरं पाईप उतरवायला लागली.
सर काही न बोलता घरात गेले.
पळनिवेलनं तोंडावरचा रुमाल सोडला,
भुवयांवरची पांढरी धूळ पुसली
आणि जवळ येऊन, हळूच, म्हणाला,
"साब, इदर आजूबाजू में
और किसका बोर है क्या?"