फुटामागं एक सूत

उद्यमनगरात तीस वर्षं
लाकडाचे पॅटर्न केले.
ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून फुटामागं एक सूत जास्त धरायचं.
हाताला सवयच लागलेली.

यंदा रद्द पॅटर्नच्या सागवानातून
अंगणात रेवाचं घर उभारलं.
पत्रा नको म्हणाली, कौलंच हवीत.
कडी हवी, ती आतून.

दारासाठी तिला उभी केली.
चाळीस इंच, तीन सूत.
कानामागची पेन्सिल हातात तशीच राहिली.
इथं काही ओतायचं नाही,
निवायचं नाही.
लाकूड आहे तेवढंच राहणार,
पोर वाढणार.
किती धरू?

धरले सहा इंच, अंदाजानं.

काल कडी काढून म्हणाली, या आत.
गुडघे टेकले, मान घातली,
खांदे चौकटीत अडले.
"आबा," आतून आवाज,
"बारीक व्हा की जरा!"