रालामंडल, रविवार, सव्वासहा

माइक आणायचा नाही, असं नाकेदार भिलालांनी
कालच बजावलं होतं. म्हणून एलियाची पेटीच,
तिचाही एक सूर फाटका,
आणि प्रिसिलानं हातानं लिहिलेली बारा पानं
सतरा माणसांत.

होळकरांच्या शिकारी बंगल्याखालच्या उतारावर
सतरंजी अंथरली, कोपऱ्यांवर दगड.
क्रूस नव्हता. सागाच्या दोन काटक्या
बांधायला गेलो, तर भिलालाकाका म्हणाले,
'यहाँ से लकड़ी नहीं उठाते, भैया.'
मग तसंच. डोळे मिटले की झालं.

उपदेश माझा होता. हरवलेल्या मेंढराचा.
तीन रात्री होस्टेलच्या गच्चीवर घोकलेला.
नव्याण्णवांपाशी पोचलो आणि
सगळ्यांच्या माना डावीकडं वळल्या.
चितळाची मादी. एक कान चिरलेला.
पाणवठ्याकडं निघालेली, मध्येच आम्ही.

मी थांबलो. पुढचं वाक्य होतं,
'मेंढपाळ त्याला शोधायला निघाला.'
पण ही काही हरवलेली नव्हती.
तिच्या रोजच्या वाटेत
आम्हीच येऊन बसलो होतो, सतरंजीसकट.

कुणी आमेन म्हटलं नाही.
उठून सरकलो, चपला हातात घेऊन.
ती गेली.

भिलालाकाका काठीला टेकून उभे:
'फिर? वो भेड़ मिली के नहीं?'

प्रिसिलानं पोह्यांचा डबा उघडला,
जिरावणाचा वास सुटला.
सांगतो, म्हटलं. बसा.