खवले

ओदार्का शिडीवर,
दातात सुतळी, कमरेला सुरी.
खालून पनास मास्तर जाळं वर सरकवतात
आणि शिंकतात.
इथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर,
तरी रस्ताभर त्याचाच वास.

कुठल्याशा परक्या बंदरातल्या कोळ्यांनी
जुनी जाळी ट्रक भरभरून पाठवली.
गाठींत वाळके खवले, एक खेकड्याची नांगी.
मांजर खाली बसून वर बघतंय,
मोठ्या आशेनं.

शाळा बंद पडून तीन वर्षं झाली,
मास्तरांचा धडा काही संपत नाही.
"तुझी शेळी चरते ना, तो उंचवटा तट होता.
नुसत्या मातीचा. घोड्याची उडी पोचू नये इतका.
मग तोफा आल्या.
उंच भिंत म्हणजे तोफेला आयतं सावज,
म्हणून भिंती खाली बसल्या, रुंद झाल्या,
चांदणीसारखे कोपरे फुटले त्यांना.
आजीच्या वेळी तर सगळंच जमिनीत शिरलं.
रणगाड्यांसाठी खंदक खणला बायकांनी,
फावडी चौदा, बायका चाळीस."
"मग?"
"मग काय. रणगाडे पुलावरून आले."

"मास्तर, दोरी ढिली सोडा जरा."

परवापरवा बांधावर काँक्रीटचे दात पेरले, तीन रांगा.
पेरायला तिचा नवराही होता.
दोन दातांच्या फटीत यंदा सूर्यफूल आलंय,
कुणी न लावता.

आता जे येतं
ते जमिनीला पायच लावत नाही.
डासासारखं गुणगुणतं,
खिडकीतून डोकावून माणसं मोजतं,
पाववाल्याच्या गाडीमागे लागतं
वळणापर्यंत, वळणानंतरही.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, म्हणतात.
ओदार्का लावतेय.
वीत वीत.
खाली पावाची गाडी थांबलीय, इंजिन चालूच.

पलीकडच्या खांबापाशी एक चिमणी अडकलीय,
एक पंख आत, एक बाहेर.
ओदार्का शिडी उचलून तिकडे नेते,
सुरीनं तीन गाठी कापते.
चिमणी जाते. मागे वळून वगैरे बघत नाही.

भोक उरलं, मुठीएवढं.
"एवढ्यातून येईल?"
मास्तर पंजा वर धरून
एक डोळा मिटून मापतात बराच वेळ
आणि काही न बोलता
सुतळीचं रीळ तिच्याकडे फेकतात.