दगड पुसणारा

शाईच्या आधी वाळू. ते काम माझं.
बव्हेरियाहून आलेला चुनखडीचा दगड,
दोघांनी मिळून उचलावा असा;
त्यावर ओली वाळू, वर दुसरा दगड,
आणि आठाचा आकडा गिरवत राहायचं
मागचा शुक्रवार निघून जाईस्तोवर.

ग्लारुसमध्ये बावीस वर्षं
मी बाल्त्स हेफ्टीची माणसं पुसली.

तो उलटं काढायचा. दगडावर सगळंच उलटं:
डाव्या खिशातला हात उजव्या खिशात,
अक्षरं शेपटीकडून.
म्हणायचा, योस्ट, सरळ माणूस
मला आता रस्त्यातही ओळखू येत नाही.

फ्योन वारा सुटला की गावात चुली बंद, चिलीम बंद.
एकदा जळालेलं गाव, शहाणं झालेलं.
तेव्हा तो विझलेली चिलीम चावत बसे
आणि त्याच दिवसांत नाकं लांबत.
सगळ्यांत लांब गिरणीवाल्या स्ट्राइफचं:
दिवाणखान्यातून निघालं, लिंट नदी ओलांडली,
त्यावर मुलींचे ओले रुमाल वाळत घातलेले.
तेराच्या मुली, कागदोपत्री पंधराच्या.
खाली ओळ नव्हती. लागलीच नाही.
कोर्टानं चाळीस फ्रँक दंड केला.
निकाल वाचताना न्यायाधीश
आपलंच नाक चाचपत होता.

रविवारी रंगवायचा.
तळं, बर्फ, गवताच्या गंजी. माणूस एकही नाही.
विचारलं तर म्हणाला, त्यांना सुट्टी दिलीय.
विकलं काहीच गेलं नाही. एक चित्र
दंतवैद्यानं ठेवून घेतलं, काढलेल्या दाढेपोटी.

मग स्ट्राइफ वारला.
पुरून महिना झाला असेल,
वेरेनाबाई आमचा जिना चढून आल्या, काळ्या हातमोज्यांत.
तसबीर हवी होती, तैलरंगात.
फोटो आणले होते तीन, तिन्हींत
इस्त्री केलेला कुणीतरी परका.
मग पाकिटातून एक घडी निघाली:
आमचाच शुक्रवार, घड्यांवर फाटलेला,
मागून खळ लावून सांधलेला.
“असे दिसायचे,” म्हणाल्या, “चिडले की.”
बाल्त्स आपल्या बुटांकडे बघत राहिला.

तीन आठवडे खपला. नाक आवरलं,
शिष्टाचार म्हणून, बोटभर.
बाईंनी पाहिलं. म्हणाल्या,
नाक परत द्या.

त्यानं दिलं. आणि मागच्या खिडकीत
ते रुमालही काढले, इतके लहान
की पक्षी वाटावेत.
बाईंना दिसले. पैसे मोजून दिले,
पावती मागितली नाही.

शेवटी दगडावर त्यानं स्वतःला घेतलं:
एक कान, अर्धी मिशी.
बाकीचं उद्या, म्हणाला, आणि टोपी शोधत बसला.
गेला तो बुधवारी. गुरुवारी
हिरव्या चीजची चार हजार लेबलं छापायची होती,
आणि मोकळा दगड तेवढा एकच.

काय करणार. वाळू घेतली.
आठ, आठ, आठ.
हात थोडे लवकर थांबले असतील.

लेबलावर गाय, डोंगर, कंपनीचं नाव,
आणि कोपऱ्यात, फिकट,
एक कान.
माल बाझेलपर्यंत गेला.
कुणाची तक्रार आली नाही.