शिसपेन्सिल

मॉरीनला भुवया नाहीत. रोज सकाळी साडेआठच्या आत
प्रयोगशाळेच्या बेसिनवरच्या आरशात
ती त्या काढते. आधी डावी, मग उजवी,
जी डावीशी कधीच जुळत नाही.
‘बहिणी आहेत,’ म्हणते, ‘पण सख्ख्या नसाव्यात.’

मी तिला एकदा सांगितलं, आमच्या भाषेत
या कांडीला शिसपेन्सिल म्हणतात.
‘म्हणजे यात शिसं आहे?’
कणभरसुद्धा नाही. नुसतं नावात.
ती हसली, तशी उजवी आणखी वर चढली.

खिडकीखाली टाइन नदी, उरलेल्या चहाच्या रंगाची.
पलीकडे, आता फ्लॅट आहेत तिथे,
म्हणे सफेद्याचा कारखाना होता,
आणि मॉरीनची खापरपणजी हॅना
डोक्यावर शिशाच्या पाट्या घेऊन शिडी चढायची.
व्हिनेगरच्या वाफेत, घोड्याच्या लिदीच्या उबेत
ते शिसं महिनोन् महिने पांढरं होत राहायचं.
मग जायचं दारांवर, खिडक्यांवर, जहाजांवर,
आणि थोडंसं, कागदाच्या पुडीतून,
आपण कधी उन्हात उभ्या राहिलो नाही
हे जगाला दाखवायचं असलेल्या बायकांच्या गालांवर.

हॅनाच्या हिरड्यांवर निळी रेघ उमटली.
मग आकड्या. मग दिसेनासं झालं.
सत्ताविसावं लागायचं होतं.
‘एकच फोटो आहे तिचा,’ मॉरीन सांगते,
‘त्यात ती फार गोरी दिसते.’

आज एल्स्विकहून सफूरा आली.
कडेवर नऊ महिन्यांचा मुलगा,
हातात दवाखान्याचं पत्र, त्याच्या रक्ताबद्दल.
रुमालात बांधलेली पितळी सुरमादाणी,
झाकणावर मोर. सासूनं मुलतानहून धाडलेली.

यंत्र बंदुकीसारखं आहे. तीस सेकंद लागतात.
शंभरात एकाहत्तर.

आकडा मी आधी इंग्रजीत सांगितला,
मग माझ्या मोडक्या हिंदीत,
मग टेबलावरचे हातमोजे सरळ करत बसले.
कुठून आलं, कसं आलं, काहीच विचारलं नाही तिनं.
म्हणाली, ‘मग नजर?’

आमच्या अहवालात त्याला रकाना नाही.
उत्तर देण्याइतकं शिक्षण आहे माझं,
पण हात गेला तो माझ्याच कानामागे,
जिथे आई तीट लावायची,
मी शाळेच्या स्नेहसंमेलनात तोंडाला रंग फासून निघाले की.

मॉरीनला आमचं एक अक्षर कळलं नव्हतं.
तिनं एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली,
यंत्राखाली धरली. तीस सेकंद.
शिसं आढळलं नाही.
टोक स्पिरिटनं पुसलं आणि पुढे केली.

सफूरानं तिच्या भुवयांकडे
जरा जास्तच वेळ पाहिलं.
मग पोराच्या कानामागे टिपका दिला, तपकिरी.
पोरानं मान झटकली, टिपक्याची रेघ झाली.
‘चालेल?’ तिनं कुणाला विचारलं कळेना.
मॉरीन म्हणाली, ‘माझ्यापेक्षा बरी जमली.’

सुरमादाणी आमच्याकडेच राहिली.
पाकीट, सील, नमुना क्रमांक, माझी सही.
‘मोर तरी परत मिळेल का?’
मी नियम वाचून दाखवला.
वाचताना माझा आवाज कुणा दुसरीचाच वाटला.

संध्याकाळी बसस्टॉपच्या काचेत पाहून
डोळ्यांत बोट फिरवलं, सवयीनं.
आईनं निघताना दिलेली चांदीची डबी:
एरंडेलाच्या दिव्याची काजळी, तूप, थोडा कापूर,
आणि आणखी काहीतरी, जे तिनं कधी सांगितलं नाही.
दरवर्षी गावाहून भरून येते.
अकरा वर्षं ती माझ्या पर्समध्ये आहे.
पर्स दिवसभर खुंटीला असते,
यंत्रापासून चार हातांवर.