चौघांचा चौकोन

ओरेस्ट पाव्हलिचुक फळ्यावर काही लिहीत नाही.
त्याच्या खिशात खारी बिस्किटं असतात.
टाइमआउट मिळाला की पाच कठड्यावर मांडतो
आणि त्यातलं एक खाऊन टाकतो.
"हा डॅरियन. गेला. आता बोला."

सॅस्कॅचवानच्या या गावात बाहेर उणे चौतीस,
आत उणे सहा, एवढाच काय तो उबारा.
मी बाकाचं दार उघडतो, लावतो, बाटल्या भरतो.
बारा वर्षं हेच. म्हणून मला पाठ आहे
तो सेंटरला काय सांगतो ते:

पककडे बघू नकोस, लेव्ही,
पक सगळेच बघतात.
लाइन्समनच्या हाताकडे बघ.
पक सोडण्याआधी त्याचा अंगठा सैल होतो,
थाप मारण्याआधी माणसाचा चेहरा होतो तसा.
काठीवरचा खालचा हात अजून खाली घे.
वाक. अजून. लाज वाटेल इतका वाक.
जिंकणं जमत नसेल तर निदान अडव,
त्याच्या काठीत आपली काठी घाल,
पक दोघांच्या बुटांमध्ये मरू दे,
मागून कोल्टन येईल. ते काम त्याचं.
आणि हरलास तर, हरशीलच कधीतरी,
मागे लागू नकोस.
पळता बर्फ थोडा होईल तुलाच.

मग चार बिस्किटं तो चौकोनात सरकवतो.
चौकोन श्वास घेतो, लक्षात ठेवा.
पक कोपऱ्यात गेला की आवळा, वर आला की पसरा.
त्यांना कडेकडेने मिरवू द्या हवं तेवढं,
मधली जागा आपली.
काठी बर्फावर. हवेतली काठी म्हणजे नुसता राग.
शॉट येईल, तो अंगावर घ्यायचा.
दुखेल.
आणि पक हाती लागला तर शहाणपणा नको,
लांब, पार पलीकडच्या टोकाला भिरकावून द्या.
एरवी त्याला शिट्टी बसते.
फक्त आत्ता, एक माणूस कमी असताना,
नियम डोळेझाक करतो.

हे वाक्य मी एकदा घरी नेलं होतं,
धान्यकोठारातली नोकरी गेली त्या हिवाळ्यात.
उपयोग काही झाला नाही.
पण नेलं होतं.

समोर काचेच्या खोक्यात डॅरियन.
त्या दाराशी आज पाळी त्याच्याच मावशीची,
मांडीवर विणकाम, नजर घड्याळावर.
ती बोलत नाही, तो हेल्मेट काढत नाही.
दोन मिनिटं मी बर्फावर मोजली आहेत, बाकावरही.
त्या खोक्यातली सगळ्यात लांब.

लेव्ही वाकतो. अंगठा सैल होतो.
पक बुटांमध्ये मरतो, कोल्टन येतो, भिरकावतो.
अर्धं मिनिट गेलं.
ते परत येतात. चौकोन आवळतो, पसरतो.
एक शॉट पोटरीवर. एक बरगडीवर,
त्याचा आवाज वरच्या बाकड्यांपर्यंत जातो
आणि कुणाची तरी कॉफी सांडते.
एक मिनिट छप्पन्न.
मग काहीच चुकलेलं नसताना
पक आपल्याच कुणाच्या तरी स्केटला लागून आत.

हे बिस्किटांत नव्हतं.

गोल झाला की शिक्षा संपते, असा नियम.
मावशी दार उघडते.
चार सेकंद लवकर सुटका, आणि किंमत ही.
तो मान खाली घालून बाकाकडे येऊ लागतो,
मी कडी वर करतो,
ओरेस्ट माझ्या हातावर हात ठेवतो.
"इकडे कुठे?" तो ओरडतो, मिशीत अजून मीठ,
"मधल्या वर्तुळात जा. फेसऑफ तुझा."

लेव्ही न सांगता बाजूला सरकतो.
डॅरियन वाकतो.
आणखी वाकतो.
मी कडी खाली पाडतो,
आणि बघत राहतो अंगठ्याकडे.